आमची तीन दिवसांची पांढरी गाडी

माझ्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात रिक्षावाल्याला ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त दिलेला नाही. हे वाक्य मी माहेरी मिरजेत म्हटलं, तर लोक म्हणतात, बरं मग? चेन्नईत म्हटलं, तर लोक खुर्चीतून उठून उभे राहतात. इथले रिक्षावाले मीटरकडे देवघरातल्या तसबिरीसारखं बघतात. तो असावा, त्याला हार घालावा, पण त्याला कामाला लावू नये. सासूबाई, म्हणजे अंबुजाबाई, रिक्षात बसल्या आणि अर्ध्या वाटेत रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, ट्रॅफिक फार आहे, वर काहीतरी द्या," की त्या रिक्षा थांबवतात, झालेल्या वाटेपुरते पैसे त्याच्या हातावर ठेवतात आणि उतरून चालू लागतात. एकदा अशाच नुंगंबाक्कमच्या पुलावरून चालत त्या एका लग्नाला पोचल्या, तेव्हा शेवटची पंगत उठलेली होती. लग्न त्यांच्या सख्ख्या भाच्याचं, सुधींद्रचं होतं. "जेवण गेले, पण लबाडास पैसा नाही गेला," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांची मराठी अशीच आहे. तंजावरात तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ती डब्यात भरून ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. मला लग्नानंतर सुरुवातीला वाटायचं की त्या मला रागावून बखरीतले उतारे म्हणून दाखवताहेत. आता माझ्याही तोंडी 'म्हणोन' येतं, आणि माझी दोन वर्षांची जननी तर एका वाक्यात 'म्हणोन', तमिळमधलं 'वेंडाम', म्हणजे नको, आणि 'प्लीज' असे तिन्ही शब्द वापरते आणि तिघांनाही सारखाच मान देते.

तर ह्या बाईंना परदेशात भाड्याच्या गाडीत बसवायचं होतं, आणि ती गाडी मी चालवणार होते.

झालं असं की मलेशियात तायपिंग नावाच्या गावाबाहेर आईंची, म्हणजे सासूबाईंची, थोरली बहीण राहते. राजस मावशी. लग्न होऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. मागच्या वर्षी न्हाणीघरात पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि आता दाराबाहेर पडत नाही. फोनवर रोज दोघींचं एकच चालायचं. ती म्हणायची, "अंबू, ये गे एकदा." ह्या म्हणायच्या, "येते गे." आणि फोन ठेवला की आई बराच वेळ फोनच्या काचेवरचे बोटांचे ठसे पदराने पुसत बसायच्या.

तिकिटं काढायचं ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, तरुणच्या, कंपनीत नेमकं त्याच आठवड्यात काहीतरी 'लाइव्ह' जाणार होतं. पेरुंगुडीतल्या कंपन्यांत कायम काहीतरी लाइव्ह जात असतं आणि माणसं मात्र अर्धमेली घरी येतात. म्हणजे जाणार आम्ही तिघी. पेनांगच्या विमानतळापासून मावशीचं घर दीड-दोन तासांवर, बस मोठ्या रस्त्यावर सोडते आणि पुढे चालत जायचं, ते आईंच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. ॲपवरची टॅक्सी आईंना मान्य नाही. "ढग आले की भाडे वाढते. ढगांचे पैसे मी का द्यावे?"

मी म्हटलं, "मी गाडी भाड्याने घेते आणि मीच चालवते."

तरुणने आईंकडे बघितलं, आणि आईंनी तांदळाच्या डब्याकडे. ह्याचं कारण सांगायला हवं. मी कॉलेजपासून गाडी चालवते. मिरज-पंढरपूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांना ओव्हरटेक करत शिकलेली आहे. पण जननी झाल्यापासून घरात माझी पत अशी झाली होती की मी मिक्सर लावला तरी कुणीतरी विचारायचं, "झेपेल ना?" आई तर माझ्या शेजारी एकदाही बसलेल्या नव्हत्या. मी किल्ली उचलली की त्यांना तांदूळ निवडायचे असल्याची आठवण व्हायची.

पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, "बरे. राजसकडे जायचे म्हणोन बसते. पण ऐक, नंदिता. जे ठरेल ते ठरेल. तेथे जावोन त्यांनी एक पैसा जरी लपवोन ठेवलेला बाहेर काढला, तर मी तेथोनच परत. राजसला मी फोनवर सांगेन."

ही धमकी नव्हती. ज्या बाईने सख्ख्या भाच्याच्या लग्नाचं जेवण सोडलं, तिच्या बाबतीत ती फक्त माहिती होती. मी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं, की आता जगातली कुठलीही कंपनी माझ्याकडून लपलेला खर्च घेऊन दाखवू दे.

पहिला सल्ला सुधींद्रने दिला. तो दोन वर्षांपूर्वी इटलीत गाडी घेऊन फिरला होता आणि त्याबद्दल युद्धावरून परतलेल्या माणसासारखा बोलतो. "वहिनी, गाडीचं भाडं हे गाडीचं भाडं नसतंच," तो फोनवर म्हणाला. "ते नुसतं दार उघडायचं तिकीट. आत गेलात की विमा, विम्यावरचा विमा, दुसरा ड्रायव्हर, लहान मुलाची खुर्ची, टाकी थोडी रिकामी, टाकी थोडी जास्त भरलेली... मला दारावरच्या एका ओरखड्याचे पैसे लावले. मुंगीएवढा होता. मी म्हटलं, ही मुंगीच आहे. तर तो म्हणाला, मग हलत का नाही?"

दुसरे सल्लागार आमच्या वरच्या मजल्यावरचे कृष्णस्वामी मामा, निवृत्त ऑडिटर. त्यांनी भाड्याच्या अटी छापून मागवल्या आणि निवृत्तीनंतर प्रथमच दाढी करून आमच्याकडे आले. सगळ्या अटी त्यांनी मोठ्याने वाचल्या. आई समोर बसून ऐकत होत्या, कथा ऐकावी तशा. "मॅडमच्या नावाचं क्रेडिट कार्ड पाहिजे," मामा म्हणाले. "जो चालवणार त्याचंच. आणि आंतरराष्ट्रीय परवाना. हे दोन नसतील तर काउंटरवर ते तुम्हाला कापून काढतील." आणि एवढं बोलून त्यांनी फिल्टर कॉफीचा दुसरा पेला मागितला.

परवान्यापासून सुरुवात केली. माझं लायसन्स सांगलीचं, लग्नाआधीचं, नंदिता दिगंबर पाठक नावाचं. पासपोर्ट चेन्नईचा, नंदिता तरुण राव नावाचा. परिवहन कार्यालयातल्या साहेबांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि जुन्या मित्राची दोन लग्नं उघडकीला यावीत तसं माझ्याकडे बघितलं.

"ही पाठक कोण?"

"मीच."

"आणि ही राव?"

"तीही मीच."

"मलेशियात गाडी कोण चालवणार?"

मी म्हटलं, दोघी मिळून. हा विनोद तमिळमध्ये चालत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. आधी सांगलीचं लायसन्स चेन्नईच्या पत्त्यावर आणा, मग नाव बदला, त्यासाठी लग्नाचा दाखला आणा, मग डॉक्टरचं प्रमाणपत्र. डॉक्टरांनी मला रंग ओळखायला सांगितले. माझ्या मांडीवरच्या जननीने माझ्याआधी सगळे ओळखले, आणि डॉक्टरांनी तिच्याकडे बघून माझ्या कागदावर सही केली. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. पण शेवटी परवान्याची वही हातात आली तेव्हा ते साहेब आपणहून म्हणाले, "सावकाश चालवा, मॅडम. दोघीही." म्हणजे विनोद चालला होता, फक्त पोचायला त्याला सरकारी वेळ लागला होता.

कार्डाची गोष्ट मात्र मनाला लागली. माझ्याकडे कार्ड होतं, पण ते तरुणच्या खात्याला जोडलेलं, शेपटासारखं. स्वतःचं कार्ड काढायला बँकेत गेले. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, "व्यवसाय?" मी म्हटलं, सध्या घरी असते. तिने काहीतरी टाइप केलं आणि संगणकावर लाल अक्षरात ओळ उमटली. अर्जदारास उत्पन्न नाही. आता सांगायचं म्हणजे, जननी होईपर्यंत मी ज्या कंपनीत होते तिथे मी बँकांची सॉफ्टवेअर तपासायचे. उत्पन्नाचा रकाना रिकामा ठेवला तर लाल ओळ बरोबर उमटते की नाही, हे बघणं हे माझं काम होतं. ही ओळ माझ्याच हाताखालून गेली असेल असं नाही. पण उमटली मात्र अगदी व्यवस्थित. मी तिथे बसून तिला मनातल्या मनात पास केलं आणि घरी आले.

आईंना मी फक्त एवढंच सांगितलं, की कार्ड मिळत नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेसून तयार होत्या. बँकेत जाऊन त्या मुलीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी एक ठेव मोडोन हिच्या नावे घाला. ठेवीवर कार्ड मिळते, असे कृष्णस्वामी म्हणतो."

ती मुलगी म्हणाली, "मामी, तुमच्याच नावावर असू द्या ना ठेव. नंतर अडचण नको."

"गाडी कोण चालवणार?" आई म्हणाल्या. "ही. मग नाव कुणाचे पाहिजे?"

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला गेले. त्या म्हणाल्या, "उगा रडू नको गे. कामाचे अहे म्हणोन केले." आणि रिक्षा ठरवायला गेल्या. म्हणजे तो विषय संपला आणि दुसरा, जास्त वेळ चालणारा, सुरू झाला.

लहान मुलाच्या खुर्चीचे रोजचे वेगळे पैसे पडतात, म्हणून जननीची खुर्ची इथूनच न्यायचं ठरलं. ती गाडीत नीट बसवायचा सराव मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केला. एक पट्टा डावीकडून, एक सीटच्या पोटातून, आणि तिसरा कुठून ते सूचना छापणाऱ्यालाही माहीत नसावं. तिसऱ्या मजल्यावरच्या रंजनीने गॅलरीतून सल्ला दिला, की आधी बाळ बसव आणि मग खुर्ची. तिला मूल नाही. पण तिचा आवाज मोठा आहे, त्यामुळे पाच-सहा जण जमले, आणि जननी त्या खुर्चीत राजकन्येसारखी बसून सगळ्यांकडून बिस्किटं घेत राहिली.

आणि मग झाली ती तालीम. ही कल्पना कृष्णस्वामी मामांची. "काउंटरवर तुम्ही थकलेल्या असणार, मूल रडत असणार, तेव्हाच ते घाव घालतात," ते म्हणाले. तळमजल्यावर पत्रं ठेवायचं टेबल आहे, त्याच्यामागे ते उभे राहिले. ते भाड्याच्या गाड्यांवाले, आणि मी मी. आई बाकावर परीक्षक म्हणून बसल्या.

"वेलकम, मॅडम," मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मी त्यांना ओळखलंच नाही. चाळीस वर्षं ज्या लोकांचे हिशेब तपासले त्या सगळ्यांचं हसू त्यांनी साठवून ठेवलं असावं. "किती गोड बाळ. रात्रीचा प्रवास असेल ना? आमच्याकडे तिकडे पाऊस फार. काचेला एखादा दगड लागला तर? देव न करो. ह्या छोट्याशा योजनेत काच, टायर, सगळं. बाळासाठीच म्हणतो मी, मॅडम."

मी म्हटलं, "बरं, द्या."

दहा मिनिटांत मी काचेचा विमा, टायरचा विमा, रस्ता दाखवणारं यंत्र आणि एक दुसरा ड्रायव्हर घेतला होता. दुसरा ड्रायव्हर म्हणून मी आईंचं नाव सांगितलं होतं.

आई बाकावरून उठल्या. "मी राजसला फोन करते. येत नाही म्हणोन सांगते."

"आई, तालीम आहे ही!"

"म्हणोनच तर. पैसे जाण्याआधी कळले."

त्यानंतरचा आठवडा मी रोज संध्याकाळी त्या टेबलासमोर उभी राहिले. मामांनी मला आजारी आईची गोष्ट सांगितली, मी 'नो, थँक यू' म्हटलं. त्यांनी मला आजच्यापुरती अर्धी किंमत देऊ केली, मी 'नो, थँक यू' म्हटलं. त्यांनी खरोखरच त्यांच्या मुलीच्या लग्नाचा विषय काढला आणि डोळ्यांत पाणी आणलं, तरी मी 'नो, थँक यू'च म्हटलं. नंतर कळलं की ते पाणी खरं होतं, आणि मी त्यांना वाटीभर पायसम नेऊन दिलं. जननी मात्र ह्या शब्दांत तयार झाली. तिला आंघोळ घालायला घेतली की ती दाराशी उभी राहून म्हणायची, "नो तेंक्यू, अम्मा."

पेनांगच्या विमानतळावर गाड्यांच्या काउंटरमागे परमेश्वरी नावाची हसरी तमिळ मुलगी होती. तिकडेच जन्मलेली, बोलताना प्रत्येक वाक्याला मलायी शेपूट लावणारी. मी छाती भरून श्वास घेतला. आईंनी हातातली पिशवी घट्ट धरली. परत जायची त्यांची पूर्ण तयारी दिसत होती.

"जास्तीचा विमा, मॅडम?"

"नो, थँक यू."

"रस्ता दाखवणारं—"

"नो, थँक यू."

"बाळासाठी रंगवायचं पुस्तक?"

"नो, थँक यू."

"फुकट आहे, मॅडम."

"फुकट म्हणजे नेमकं किती?"

परमेश्वरीने पुस्तक हळूच मागे घेतलं. जननीने ते जाताना बघितलं आणि विमानतळभर ऐकू जाईल असा सूर लावला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला 'नो तेंक्यू' म्हणायचं नव्हतं. पण छापलेल्या आकड्यावर एक सेनही, म्हणजे तिकडचा पैसाही, न चढता माझ्याच नावाच्या कार्डावर व्यवहार झाला. आईंनी कागद स्वतः वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी मी आणखी दोनदा परिवहन कार्यालयात गेले असते.

बाहेर गाडी उभी होती, पांढरीशुभ्र. सुधींद्रच्या सांगण्याप्रमाणे मी तिचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढला. परमेश्वरीला बरोबर चालवलं. "बॉनेट स्वच्छ आहे. एकही डाग नाही. बरोबर? हो म्हणा." ती हो म्हणाली. "बंपर स्वच्छ. हो म्हणा." असं करत आम्ही प्रदक्षिणा पूर्ण केली. मी खुर्ची बसवली, तिसऱ्या पट्ट्यासह. जननीला बसवलं. आणि वळून बघितलं तर आई गाडीसमोर उभ्या होत्या आणि बॉनेटवर हळदीकुंकवाचं मोठं स्वस्तिक होतं.

आता इथे कुणीही शहाणा वाचक विचारेल, की तेव्हाच का थांबवलं नाही? खरं सांगायचं तर मला ते दिसलंच नाही. म्हणजे दिसलं, पण कुंकू लावलेली गाडी म्हणजे गाडीच, एवढंच दिसलं. चेन्नईत मोटार असो, पाण्याचा टँकर असो, ऑफिसातला नवा संगणक असो, गंध-कुंकू लावल्याशिवाय आणि चाकाखाली लिंबं चिरडल्याशिवाय तो सुरू होत नाही. मिरजेहून नवी आले होते तेव्हा मला ते दिसायचं. आता दिसत नाही. उलट मला हायसं वाटलं, की आई बसताहेत. विमानतळावरच्या चहावाल्याकडून त्यांनी चार लिंबं छापील किमतीला घेतली होती. ती मीच चाकांखाली ठेवली. गाडी पुढे घेतली, चारही लिंबं फुटली, आणि आई मागच्या सीटवर जननीशेजारी बसल्या, एका हाताने वरचं हँडल आणि दुसऱ्याने कुठलं तरी स्तोत्र धरून.

राजस मावशीच्या दारात गाडी थांबली तेव्हा मावशी वॉकर धरून उंबऱ्यात उभी होती.

"अंबू, म्हातारी झालीस गे."

"तू काय तान्ही अहेस?"

मग दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि मी जननीला घेऊन मागच्या अंगणात कोंबड्या दाखवायला गेले. बराच वेळ दाखवल्या. कोंबड्या दोनच होत्या.

तायपिंगला रोज दुपारी पाऊस येतो, आणि यायचं म्हणजे अंगावर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर गेले आणि तेव्हा मला, चेन्नईची सात वर्षं बाजूला सरून, गाडी दिसली. स्वस्तिक वितळून बॉनेटवरून ओघळलं होतं, जाळीत शिरलं होतं, बंपरच्या प्लॅस्टिकवर सुकून बसलं होतं. मी कपड्याने घासलं. रंग कपड्यावर आला, पण बंपर सोडेना. कृष्णस्वामी मामांनी वाचलेली एक अट मला त्यांच्याच आवाजात आठवली. गाडी घेतली तशी परत द्यावी, डाग असल्यास विशेष सफाईचा खर्च ग्राहकाचा.

मी दोघी बहिणींना सांगितलं. आईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, तेवढा एक रंग त्या दिवशी आपणहून गेला. मग त्या पदर खोचून बाहेर आल्या.

"साबण आण," त्या म्हणाल्या.

साबण लावला. हळदीचे पिवळे डाग लालभडक झाले.

"साबण कोण लावते हळदीस!" मावशी उंबऱ्यातून ओरडली. "लिंबू लाव गे."

लिंबू लावलं. लाल डाग पिवळे झाले. आईंनी परत साबण लावला. लाल. मावशीने वॉकर सोडून, भिंत धरून, आपल्या हाताने लिंबू पिळलं. पिवळे. "लहानपणापासोन तुझे असेच!" "तुझे काय वेगळे होते?" गाडीचा पुढचा भाग सिग्नलसारखा रंग बदलत राहिला, आणि जननी प्रत्येक रंगाला टाळ्या वाजवत राहिली. शेवटी एकीची कंबर आणि दुसरीचे गुडघे थकले, आणि दोघी पायरीवर बसून हसायला लागल्या. हळदीचा डाग उन्हाने जातो, हे दोघींना माहीत होतं. ऊन मात्र तायपिंगला माहीत नव्हतं. पण मावशी वर्षभरानंतर दाराबाहेर येऊन बसली होती, हे तिच्या सुनेने मला हळूच सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी डोक्यात खटला लढवत होते. कुंकू म्हणजे घाण का? अटीत 'घाण' आहे की 'डाग'? सवाष्णीच्या कपाळावर असतं त्याला डाग म्हणतात का? मुद्दे चांगले होते. मध्येच आरशात बघितलं तर मागे दोघी झोपलेल्या. जननी खुर्चीत मान टाकून, आणि आई तोंड किंचित उघडं ठेवून. हँडलवरचा हात कधी सुटला होता कुणास ठाऊक. मी वेग जरा कमी केला.

परमेश्वरी टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरली. दारं, चाकं, आरसे. टाकी काठोकाठ भरलेली. मग पुढे आली आणि थांबली.

"पाट्टी," आजी ह्या अर्थी हाक मारत ती आईंना तमिळमध्ये म्हणाली, "हे काय ते मला कळतं. आमच्या गाडीलाही लावतो. पण ती आमची असते." आणि तिने सफाईचा आकडा सांगितला.

मी मुद्दे मांडले. सगळे. फार जोरात मांडले असावेत, कारण शेजारच्या काउंटरवरचा माणूस बाहेर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, हे आधीपासून नव्हतं हे कशावरून? परमेश्वरी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचा व्हिडिओ." आणि माझ्याच फोनमधून माझाच ठणठणीत आवाज आला, "बॉनेट स्वच्छ आहे. एकही डाग नाही. बरोबर? हो म्हणा."

मी आईंकडे बघितलं. आता त्या पिशवी उचलून चालू लागणार, ह्याची मला खात्री होती. आणि ह्या वेळी चालत जायला चेन्नई फार लांब होती.

"नंदिता," त्या म्हणाल्या, "हे त्यांनी लिहिले होते?"

"हो."

"तू वाचले होतेस?"

"मामांनी मोठ्याने वाचलं होतं. तुमच्यासमोर."

"आणि कुंकू मी भर उजेडात लावले. मग ह्यात लपलेले काय अहे?" त्यांनी पिशवीतून बटवा काढला आणि सांगितलेला आकडा टेबलावर ठेवला. घासाघीस नाही, उसासा नाही. परमेश्वरीने कागद भरून पुढे केला. आईंनी चष्मा लावला.

"पोरी, येथे तू फक्त डाग लिहिलास. ओरखडे किती?"

"एकही नाही, पाट्टी."

"मग ते लिही."

"त्याला रकाना नाही."

"खाली जागा अहे की."

परमेश्वरीने माझ्याकडे बघितलं, मग खाली लिहिलं, ओरखडा नाही. आईंनी वाचलं आणि कागद परत तिच्याकडे सरकवला.

"कोणी चालवली तेही लिही. सुनेने, म्हणोन लिही."

तिने लिहिलं. मग 'चालक' असं छापलेलं होतं तिथे मी सही केली. जननी कडेवर झोपलेली होती, त्यामुळे सही जरा वाकडीतिकडी आली. आई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "असो दे. वाचता येते."